ताई, हा सीझन झाला की मी थांबतो

पत्र:

आम्ही चार भावंडं. मी पहिलं व्हायोलिन वाजवते, पाठचा भाऊ व्हियोला, बहीण चेलो आणि सगळ्यात धाकटा दुसरं व्हायोलिन. मी २९ वर्षांची आहे, धाकटा २०. तो नऊ वर्षांचा असल्यापासून आम्ही स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, म्हणून कार्यक्रम करतो आहोत. वर्षातले सहा-सात महिने दौऱ्यावरच जातात. बुकिंग आणि प्रवास बाबा बघतात, मानधन त्यांच्याच खात्यात जमा होतं. गेल्या महिन्यात मोझार्टच्या के. ३८७ या क्वार्टेटचा शेवटचा भाग धाकट्याने तालमीत ठरलं होतं त्यापेक्षा सावकाश सुरू केला. नाइलाजाने आम्हाला त्याच्या मागून जावं लागलं. ग्रीन रूममध्ये मी त्याला खूप बोलले. चार दिवसांनी तो म्हणाला, 'ताई, हा सीझन झाला की मी थांबतो.' आई रडते आहे. बाबा म्हणाले, 'जा, पण ते व्हायोलिन इथे ठेवून जा.' पुढच्या सीझनचे बरेचसे कार्यक्रम ठरलेत आणि प्रत्येक पोस्टरवर 'चार भावंडं' असं छापलंय. आम्ही आमचं सगळं आयुष्य यात घातलं. त्याला कसं समजावू?

उत्तर:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लागून राहणार नाही. त्याला समजावू नका. जाऊ द्या. आणि नुसतं जाऊ देऊ नका, नीट तारीख ठरवून, हिशेब पुरा करून, मानाने जाऊ द्या.

हे वाचून तुम्हाला राग येईल, ते मला ठाऊक आहे. मीही थोरली. पियानो, व्हायोलिन आणि चेलो असं आमचं त्रिकूट होतं. मी पियानोवर, बहीण व्हायोलिनवर आणि धाकटा भाऊ चेलोवर. तो २२ वर्षांचा असताना त्याने मला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. मी त्याला समजावलं. माझं बोलणं चांगलं आहे, त्यामुळे समजावणं जमलंही. आईबाबांनी काय काय सोसलं ते सांगितलं, आयोजकांना काय तोंड दाखवायचं ते विचारलं, 'फक्त दोन वर्षं' म्हटलं. तो राहिला. त्या दोन वर्षांतलं आमचं वाजवणं वाईट नव्हतं. परीक्षणं छान यायची. बाहेरच्या कुणालाच काही कळलं नाही. पण मला पियानोवरून त्याचा डावा हात दिसायचा. पूर्वी लांब सुरावर त्याचा व्हायब्रेटो, म्हणजे तारेवरचं बोट हलवून सुराला दिलेला कंप, आधी उमलायचा आणि मग विरत जायचा. आता तो सूर सुरू झाला की हात हलायचा आणि सूर संपला की थांबायचा, बस. दोन वर्षं मी ते रोज बघितलं आणि त्याला एकदाही विचारलं नाही. शेवटी तो गेला तेव्हा चेलो पेटीत ठेवून गेला. पुढची नऊ वर्षं त्याने ती पेटी उघडली नाही. आम्हा दोघांचं बोलणं सुरू व्हायलाही जवळपास तेवढीच वर्षं लागली. म्हणून तुमचं पत्र आल्या आल्या लिहायला बसले.

आता तुमच्या पत्राबद्दल. त्यातला एक शब्द माझ्या मनातून जात नाही: 'नाइलाजाने'. के. ३८७ चा शेवटचा भाग दुसरं व्हायोलिन एकट्याने सुरू करतं. लांब लांब सुरांची ती ओळ त्याच्याकडून निघते, मग पहिलं व्हायोलिन ती उचलतं, आणि मग बाकीचे. मोझार्टने हे क्वार्टेट १७८२ च्या ३१ डिसेंबरला पुरं केलं आणि शेवटच्या भागाचं दार उघडायचं काम त्याने दुसऱ्या व्हायोलिनला दिलं. तुमच्या सबंध कार्यक्रमात धाकट्याने सुरू करायचं आणि तिघांनी त्याच्या मागून जायचं, अशी जागा बहुधा तेवढी एकच असेल. तिथे तो त्याला वाटलं तसा गेला. सावकाश जाणं बरोबर होतं की चूक, ते ऐकल्याशिवाय मी कसं सांगू? चूक असेलही. फ्यूगसारखी रचना, जिथे एकच ओळ वाद्यं एकामागून एक उचलतात, ढिली सुरू झाली तर पुढे तिला ओढत न्यावं लागतं, हे खरं आहे. पण लय ठरवायचा हक्क त्या क्षणी त्याचा होता. कुठल्याही क्वार्टेटमध्ये त्या जागी दुसऱ्या व्हायोलिनच्या मागून जाण्याला कुणी 'नाइलाज' म्हणणार नाही. ते त्यांचं कामच असतं. तुम्हाला तो नाइलाज वाटला, कारण तुमच्या मनात तो अजून नऊ वर्षांचा आहे आणि स्टँडवरचं पान त्याला तुम्हीच उलटून देता आहात.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. भावंडांच्या क्वार्टेटमध्ये हे व्हायचंच, कारण त्याची ताकद आणि त्याचं दुखणं एकाच ठिकाणाहून येतं.

परक्या चार माणसांना जे जमवायला पाच-सात वर्षं लागतात, ते तुम्हाला न शिकता मिळालं. एकाच घरात, बहुतेक एकाच गुरूकडे शिकलात. बो (गज) तारेवर टेकवायची पद्धत चौघांची सारखी, सूर किंचित चढा धरायचा की नेमका, याचं माप चौघांचं एक. कोण केव्हा श्वास घेणार हे तुम्हाला पाठीमागूनही कळतं. परक्यांच्या क्वार्टेटमध्ये एकदम वाजणाऱ्या तीन सुरांच्या जुळणीतल्या मधल्या सुरावरून अर्धा अर्धा तास काथ्याकूट चालतो: व्हियोलाने खाली यायचं की चेलोने वर? तुम्ही एकमेकांकडे बघता आणि सूर जागेवर बसतो. ऐकणाऱ्याला ही जादू वाटते, आणि ती जादू आहेच. मी स्वतः ती अनुभवली आहे आणि आजही तिची आठवण आली की घसा दाटतो.

पण बोलावंच लागलं नाही, म्हणून तुम्ही बोलायला शिकलाच नाहीत. परके चौघं भांडून भांडून एक भाषा तयार करतात: 'मला इथे वेगळं वाटतं', 'आधी एकदा माझ्या पद्धतीने वाजवून बघूया', 'आज तुझं, उद्याच्या कार्यक्रमात माझं'. भावंडांकडे ही भाषा नसते. तिथे घरातली जुनी चाकोरी चालू राहते. थोरली ठरवते, मधला सांभाळून घेतो, मधली गप्प राहते आणि धाकट्याने ऐकायचं असतं. घरात ती चाकोरी वयाबरोबर हळूहळू सैल होते, कारण माणसं नोकरीला जातात, लग्नं होतात, घरं वेगळी होतात. तुमचं घर मात्र रोज संध्याकाळी चार खुर्च्यांवर तसंच्या तसं मांडलं जातं. अकरा वर्षं मांडलं जातंय. त्यातून निघायचं तर धाकट्यासमोर एकच वाट उरली, खुर्ची सोडायची.

आणि तो सोडतो आहे तरी कसा! सीझन मोडून नाही, आजारपणाचं निमित्त करून नाही, बाबांना चिठ्ठी ठेवून नाही. तुमच्यासमोर उभं राहून, हातातले कार्यक्रम पुरे करण्याचा शब्द देऊन. विसाव्या वर्षी इतकं सरळ बोलणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत. हे त्याला घरातूनच मिळालं असणार, आणि घरात सर्वात जास्त वेळ त्याला शिकवायला तुम्हीच बसला असाल.

तुम्हाला वाटतंय की तो गेला की सगळं संपलं. इतिहास तसं सांगत नाही. भावंडांनी मिळून दौरे करायची परंपरा जुनी आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगचे म्युलर बंधू, चौघे सख्खे भाऊ, १८३१ पासून १८५५ पर्यंत क्वार्टेट म्हणून युरोपभर फिरत होते. त्यांच्यानंतर थोरल्याच्या चार मुलांनी तीच गादी चालवली. पण तुम्ही जवळून बघावं असं उदाहरण अलीकडचं आहे. साल्झबुर्गच्या हागेन कुटुंबातल्या चार भावंडांनी १९८१ मध्ये हागेन क्वार्टेट सुरू केलं: लुकास, अँजेलिका, व्हेरोनिका आणि क्लेमेन्स. काही वर्षांतच अँजेलिका बाहेर पडली. ती दुसरं व्हायोलिन वाजवायची, तुमच्या धाकट्यासारखंच. तिच्या जागी आधी अ‍ॅनेट बिक आली आणि १९८७ मध्ये रायनर श्मिट आला. तीन भावंडं आणि एक बाहेरचा माणूस, अशा त्या क्वार्टेटने पुढे कित्येक दशकं जगभर वाजवलं आणि जगातल्या उत्तम क्वार्टेटमध्ये त्यांचं नाव घेतलं गेलं. हागेन म्हटलं की आज लोकांना आठवतं ते त्यांचं वाजवणं. चौथी बहीण कुठे गेली, असं कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या यिंग क्वार्टेटचीही तीच गोष्ट. टिमथी, जॅनेट, फिलिप आणि डेव्हिड, चौघं सख्खी भावंडं. १९८८ मध्ये सुरुवात केली, १९९२ मध्ये आयोवातल्या जेसप नावाच्या छोट्या गावात मुक्काम ठोकून तिथल्या लोकांसाठी वाजवलं. २००९ मध्ये टिमथीने क्वार्टेट सोडलं. तो तर पहिलं व्हायोलिन वाजवायचा, तुमच्या खुर्चीवर बसणारा. बाकी तिघांनी बाहेरचा व्हायोलिनवादक घेतला आणि नाव तेच ठेवून पुढे गेले.

आणखी एक उदाहरण देते, पण त्याचा उपयोग धाकट्यासमोर आमिष म्हणून करायचा नाही, हे आधी कबूल करा. बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये दोन सख्खे भाऊ होते: चेलोवर मिशा श्नायडर आणि दुसऱ्या व्हायोलिनवर अलेक्झांडर. १९४४ मध्ये अलेक्झांडर बाहेर पडला, त्याला स्वतःचं काही करायचं होतं. मिशा तिथेच राहिला. १९५५ मध्ये अलेक्झांडर परत आला, भावाशेजारी बसला आणि शेवटपर्यंत वाजवलं. मधली अकरा वर्षं तो वेगळा होता, म्हणून भाऊपण गेलं नाही.

तुमच्या मोझार्टच्याच घरात याच्या उलटं घडलं, तेही सांगायला हवं. १७६३ च्या जूनमध्ये मोझार्टचे वडील लिओपोल्ड दोन मुलांना घेऊन दौऱ्यावर निघाले. मुलगी नानर्ल ११ वर्षांची, वुल्फगांग, म्हणजे आपला मोझार्ट, सात वर्षांचा. साडेतीन वर्षं घराबाहेर. हेगमध्ये दोघंही इतकी आजारी पडली की नानर्लची तर आशाच सोडली होती. मुलांना जायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. मग नानर्ल १८ वर्षांची झाली तेव्हा, १७६९ मध्ये, वडील वुल्फगांगला घेऊन इटलीला गेले आणि ती घरी राहिली. तिचं फिरणं थांबलं. तेव्हाही तिला विचारलं नाही. एकदा न विचारता नेलं आणि एकदा न विचारता थांबवलं. तुमचा धाकटा नऊ वर्षांचा असताना त्याला कुणी विचारलं होतं का? तुमच्या पत्रात 'आम्ही आमचं सगळं आयुष्य यात घातलं' असं वाक्य आहे. तुम्ही १८ वर्षांच्या होतात, तुम्ही घातलंत. त्याचं घातलं गेलं. आता पहिल्यांदाच तो स्वतः काही ठरवतो आहे.

आता कामाचं बोलूया, कारण नुसतं मन मोठं करून हा प्रश्न सुटत नाही.

सगळ्यात आधी त्याच्याशी एकटीने बोला, आईबाबांशिवाय, बाकी दोघांशिवाय. का सोडतोस, हा प्रश्न नको, त्याने माणूस बचावाला लागतो. 'थांबल्यावर तुला काय करायचंय?' असं विचारा आणि मग गप्प बसा. कदाचित त्याला संगीत सोडायचं नसेल, फक्त दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची सोडायची असेल. कदाचित एकट्याने वाजवायचं असेल, शिकायचं असेल, किंवा व्हायोलिनशी काहीच संबंध नसलेलं काही करायचं असेल. उत्तर काहीही आलं तरी तिथल्या तिथे उपाय काढू नका. 'मग तू पहिलं व्हायोलिन घे ना' असं मोह होऊनही म्हणू नका. ते बोलणं त्याला सौद्यासारखं वाटेल. आणि त्या ग्रीन रूमबद्दल माफी मागा. मोझार्टच्या लयीबद्दल तुमचं मत बदलायची गरज नाही, फक्त जे बोललात त्याबद्दल.

मग व्हायोलिन. बाबांचं ते वाक्य तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण सगळ्या पत्रात मला तेच सर्वात जास्त लागलं. ते वाद्य अकरा वर्षांच्या मानधनातून घेतलंय की नाही? त्यातला चौथा वाटा त्याचा आहे. तो लहान होता म्हणून पैसे बाबांच्या खात्यात गेले, यात गैर काही नाही, पण आता तो सज्ञान आहे. सीझन संपण्याआधी हिशेब कागदावर आला पाहिजे: किती आलं, प्रवासावर किती गेलं, वाद्यांवर किती, प्रत्येकाच्या नावावर काय उरतं. हा कागद फक्त त्याच्यासाठी नाही. तुम्हा तिघांचाही हिशेब आजपर्यंत झालेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? बाबांना हे ऐकायला जड जाईल. त्यांनी रात्र रात्र जागून तिकिटं काढली असतील, चेलोसाठी विमानात वेगळी सीट मिळवण्यासाठी फोनवर तासन् तास घालवले असतील. त्यांच्या कष्टांचाही वाटा त्या कागदावर स्पष्ट लिहा, नेमकी टक्केवारी लिहा. उपकार म्हणून केलेलं काम नेहमी न फिटणाऱ्या कर्जासारखं मुलांच्या मानेवर बसतं. लिहून टाकलं की ते काम होतं आणि त्याचे आभार मानता येतात. व्हायोलिन मात्र त्याच्याकडेच राहू दे. माझा भाऊ चेलो घेऊन गेला असता, तर नऊ वर्षांनी नाही, दोन वर्षांनी पेटी उघडली असती, असं मला अजून वाटतं.

आयोजकांना लगेच कळवा. 'चार भावंडं' असं छापून तिकिटं विकली गेलीत, तेव्हा आयत्या वेळी चौथा चेहरा वेगळा दिसला तर तक्रार करायचा त्यांना हक्क आहे. आत्ता कळवलंत तर बहुतेक जण समजून घेतील. वाजवणारा माणूस बदलणं क्वार्टेटच्या जगात नवं नाही, आणि चांगला आयोजक तुमच्याइतकाच हे जाणतो. करारात नाव कसं आहे, 'क्वार्टेट' म्हणून की चार व्यक्ती म्हणून, ते मात्र वाचा. चार नावं असतील तर लेखी मंजुरी घ्या. एखाद-दोन कार्यक्रम हातचे जातील. जाऊ द्यात.

पुढे वाजवायचं काय, यासाठी नवा माणूस घ्यायची घाई नको. तुमच्याकडे जे उरतंय ते बघा: व्हायोलिन, व्हियोला, चेलो. हा अर्धवट उरलेला क्वार्टेट नाही, हा पुरा स्ट्रिंग ट्रिओ आहे. मोझार्टचा १७८८ मधला डिव्हर्टिमेंटो, के. ५६३, याच तीन वाद्यांसाठी आहे, सहा भागांचा, आणि त्याने लिहिलेल्या सगळ्या चेंबर संगीतात, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठीच्या संगीतात, त्याची जागा फार वरची आहे. बेथोव्हनचे ओपस ९ चे तीन ट्रिओ आहेत, हंगेरियन संगीतकार डोनान्यीचा सेरेनेड आहे. पियानोवादक मिळाला तर मोझार्टची दोन, शुमानचं ओपस ४७ आणि ब्राह्म्सची तीन पियानो क्वार्टेटं समोर उघडतात. ट्रिओ अवघड असतो हे लक्षात ठेवा. चौथा आवाज नसल्यामुळे लपायला जागा नसते, तुम्हाला आणि तुमच्या भावाला दोन-दोन तारा एकदम दाबून सुरांची भर घालावी लागते, आणि सूर जरा हलला की उघडा पडतो. पण एक वर्ष हे केलंत तर तुम्ही तिघं पुन्हा एकमेकांना ऐकायला लागाल. दुसऱ्या व्हायोलिनची जागा रिकामी ठेवून वर्षभर वाजवल्यावर तो मधला आवाज काय काय सांभाळत होता, तेही कळेल.

मग नवा माणूस घ्यायचा ठरला तर एक गोष्ट मनात पक्की करा. तीन भावंडांमध्ये बसणाऱ्या चौथ्या माणसाचं काम फार एकाकी असतं. तुम्ही तिघं एका नजरेत काहीतरी ठरवाल आणि त्याला ते कळणारच नाही. लहानपणीच्या कशावरून तरी हसाल आणि तो स्टँडकडे बघत बसेल. मतं घेतली की तीन विरुद्ध एक. बुडापेस्ट क्वार्टेटने स्वतःसाठी नियम केले होते: संगीताचा वाद असो की व्यवहाराचा, निर्णय मताने, आणि मानधन चौघांना सारखं, पहिलं व्हायोलिन म्हणून जास्त नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे दोन्ही पाळा, आणि आणखी एक जोडा: चौथा माणूस खोलीत नसताना क्वार्टेटचं काहीही ठरवायचं नाही. घरात बसून नाही, प्रवासात नाही, रात्री फोनवर नाही. मतं दोन-दोन झाली तर एका कार्यक्रमात एका पद्धतीने वाजवा, पुढच्यात दुसऱ्या. तालमीत कुणी काही सुचवलं तर ते आधी पूर्ण वाजवून बघायचं, मग त्यावर बोलायचं. धाकटा असताना हे नियम असते तर, असा विचार मनात येईल. येऊ द्या, पण त्याच्यासमोर बोलू नका. नाहीतर त्याला वाटेल की आता परत बोलावण्याची तयारी चालली आहे.

चेलो वाजवणाऱ्या बहिणीबद्दल तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. तिचं वाद्य आणि तिची जागा तेवढी आहे. व्हियोला वाजवणाऱ्या भावाचंही तसंच. या सगळ्या गडबडीत त्या दोघांना कुणी विचारलंय का की त्यांना पुढे वाजवायचंय? धाकट्याशी बोलून झालं की त्यांना, एकेकट्याला, हाच प्रश्न विचारा. तुम्हाला ऐकायचं नाही असं उत्तर येऊ शकतं. आजच आलेलं बरं.

आईला रडू द्या. तिच्या डोळ्यांसमोर चार मुलं एकत्र, हातात वाद्यं, हे चित्र अकरा वर्षं आहे. तिला ते आयुष्याचं सार्थक वाटत असणार. तिला समजावत बसण्यापेक्षा धाकट्याने मंचाबाहेर तिच्याशी काहीतरी करावं, आठवड्यातून एकदा तिला नुसता फोन करावा, असं तुम्ही त्याला सुचवू शकता. वाद्याविना. इतक्या वर्षांत त्या दोघांचं संगीताखेरीज काही बोलणं तरी झालंय का?

कोरियाच्या चुंग भावंडांकडे एकदा बघा: व्हायोलिनवादक क्युंग-व्हा, चेलोवादक म्युंग-व्हा आणि पियानोवादक, पुढे कंडक्टर झालेला म्युंग-व्हुन. तिघांचीही स्वतःची वेगळी कारकीर्द आणि अधूनमधून एकत्र येऊन ट्रिओ. ते एकत्र यायचे तेव्हा प्रत्येकाकडे बाहेरून आणलेलं काहीतरी असायचं. तुमच्या घरातही पुढेमागे असं काही होईल की नाही, ते सांगता येणार नाही, आणि आज त्याची चर्चाही नको.

या सीझनचे जे कार्यक्रम उरलेत त्यांत के. ३८७ असणारच. ते कार्यक्रमातून काढू नका. शेवटच्या भागाआधी तुम्ही नेहमी मान हलवून खूण करत असाल, ती करू नका. बो तारेवर ठेवून थांबा. तो त्याला हव्या त्या लयीत सुरू करेल, सावकाश किंवा जलद. त्याची ओळ पुरी ऐका आणि मग तिच्याच लयीत तुमची सुरू करा.